साडेआठला घरी पोचल्यावर जेवायला काय? एका पोळीभाजी केंद्रवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की नवरा-बायको दोघंही नोकरीला, तुम्ही फोर्टला आणि मिसेस विक्रोळीला, घर डोंबिवलीत, पोचेपर्यंत साडेआठ, घरात सात वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई, आठवड्यातनं तीन-चार वेळा बाहेरून मागवलं जातं, फ्रिजवर आठवड्याच्या मेन्यूचा तक्ता लावला तो दोन आठवड्यांत बंद पडला, तर रोज रात्री घरचं जेवण जमवणारे लोक नेमकं करतात तरी काय, आणि बाहेरचं किती चालतं.

मी डोंबिवलीतच बरीच वर्षं पोळीभाजी केंद्र चालवतो. आईने सुरू केलेलं, आता मी बघतो. संध्याकाळी सात ते साडेनऊ माझ्या काउंटरसमोर तुमच्यासारखीच माणसं उभी असतात, खांद्याला बॅग, एका हातात फोन, आणि घरी विचारत असतात "भात लावलाय का?" घरी रात्रीचा स्वयंपाकही बऱ्याचदा माझ्याकडेच असतो कारण बायको नर्स आहे, तिच्या शिफ्ट असतात. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आधी एक सांगतो, तुमचा प्रॉब्लेम स्वयंपाकाचा नाहीये असं मला वाटतं. तुम्हाला दोघांना करता येतं, तुम्हीच लिहिलंय की रविवारी छान जेवण होतं. अडचण ही आहे की "आज काय करायचं" हा प्रश्न तुमच्या घरात साडेआठला पहिल्यांदा विचारला जातो. त्या वेळेला पोटात भूक, पाय दुखतायत, पोरगं अभ्यास दाखवायला मागे लागलंय, फ्रिज उघडला तर अर्धा कोबी आणि कालचा भात. अशा वेळी कोणीही फोनच उचलणार. आणि मग होतं काय, पावणेनऊला ऑर्डर, साडेनऊ-पावणेदहाला डबा दारात, तोपर्यंत मुलाने बिस्किटं खाल्लेली. म्हणजे वेळ वाचला असं आपल्याला वाटतं पण वाचत नाही. तेवढ्यात खिचडी होऊन, जेवून, भांडी विसळून झाली असती. वाचतो तो विचार करायचा त्रास, आणि तो त्रास खरा आहे, मी त्याला कमी लेखत नाही. म्हणून उपाय पण तिथेच करायचा, निर्णय साडेआठच्या आधी कधीतरी होऊन गेलेला पाहिजे.

तक्ता का बंद पडतो ते पण सांगतो. तक्त्यात आपण पदार्थ लिहितो. बुधवार : भरली वांगी. बुधवारी वांगी चांगली मिळाली नाहीत, किंवा लोकल लेट झाली, की बुधवार कोसळला, आणि एक दिवस कोसळला की उरलेला आठवडा कोणी बघत नाही. पदार्थाऐवजी प्रकार ठरवा. सोमवार-मंगळवार पालेभाजी आणि पोळी, एक दिवस उसळ, एक दिवस नुसता आमटी-भात आणि तळलेला पापड, एक दिवस खिचडी किंवा पिठलं. पालेभाजी म्हटल्यावर मेथी मिळो नाहीतर पालक नाहीतर चवळी, काही अडत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे ते आधी बोलू, कारण त्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही. तुमच्या आई संध्याकाळी कुकर लावू शकतात का हे मला माहीत नाही, आणि तुम्हीही गृहीत धरू नका, त्यांना विचारा. काही आयांना तेवढं काम आवडतं, काहींना ओट्यापाशी दहा मिनिटं उभं राहणं पण त्रासाचं असतं. दुसरं, तुम्ही लिहिलंय त्यांना शुगरची गोळी आहे. मग त्यांचं जेवण तुमच्या ट्रेनवर किंवा डिलिव्हरीवाल्यावर अवलंबून ठेवू नका. गोळीची आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारून पक्की करा आणि साडेसात-आठला त्या जेवतील असं सकाळीच काहीतरी झाकून ठेवा, सगळ्यांनी एकत्रच बसायला पाहिजे हा हट्ट एवढ्यापुरता सोडा. तिसरं, स्वयंपाकाला मावशी लावणं परवडतं का आणि तुमच्या भागात संध्याकाळी येणाऱ्या मिळतात का. मिळत असतील तर पोळ्या आणि एक भाजी एवढंच काम द्या, अख्खा स्वयंपाक नको, कारण मावशी आल्या नाहीत त्या दिवशी फक्त पोळ्यांचाच प्रश्न उरला पाहिजे. चौथं, अंडी-मासे चालतात की नाही. अंडी चालत असतील तर तुमचं निम्मं काम सोपं झालं, भुर्जीइतकं लवकर होणारं दुसरं काही नाही.

आता पोळ्या. रात्रीच्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त वेळ कशाला जातो तर पोळ्यांना, भाजीला नाही. कणीक मळायची, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायची, मग चार माणसांच्या दहा-बारा पोळ्या लाटून भाजायच्या, मग ओटा पुसायचा, परात घासायची. जवळजवळ तास. साडेआठला घरी येणाऱ्या घरात हे रोज होणार नाही आणि होत नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही. पोळ्या विकत घ्या. मी केंद्रवाला आहे म्हणून म्हणत नाहीये, माझ्याकडून घेऊ नका, घराजवळच्या कोणाकडूनही घ्या, पण पोळी विकत आणि भाजी-आमटी घरची ही वाटणी मी शेकडो घरांत वर्षानुवर्षं चाललेली बघतोय. त्या लोकांचं जेवण घरचंच असतं.

पोळ्या घेताना दोन गोष्टी. गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, वाफ धरून घरी जाईपर्यंत खालच्या पोळ्या ओल्या होतात. ऑफिसच्या बॅगेत एक स्टीलचा पसरट डबा आणि त्यात सुती फडकं ठेवा, आम्हीपण पोळ्या फडक्यातच ठेवतो, त्या मऊ राहायचं कारण तेच. आणि विचारून घ्या की घडीची आहे की फुलका. घडीच्या पोळीला आत तेल लावलेलं असतं, ती सकाळपर्यंत मऊ राहते, फुलका लगेच खायला चांगला पण नंतर चिवट होतो. दोन जास्त घेतल्या तर सकाळी फोडणीची पोळी नाहीतर मुलाला गुळ-तूप लावून लाडू.

घरीच करायच्या असतील तर कणीक सकाळी मळून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, त्याच रात्री वापरा, फार तर दुसऱ्या दिवशी. वरून काळपट पडते, आंबूस वास नसेल तर चालते, पण तीन-तीन दिवसांची कणीक वापरू नका. भाकरी येत असेल तर ती पोळीपेक्षा सोयीची, तिला मुरायला वेळ लागत नाही. फक्त ज्वारीचं पीठ थोडं थोडं दळून आणा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते आणि लोकांना वाटतं आपल्याला जमत नाही. गरम पाण्यात उकड काढून घेतली की नवशिक्यालाही जमते.

आणि आठवड्यातले निदान दोन दिवस पोळीच नको. कोकणात रात्रीचा भात काही कमीपणाचा नव्हता. आमटी-भात, वर तुपाची धार, बाजूला लिंबाची फोड आणि काकडीची कोशिंबीर, हे पूर्ण जेवण आहे.

कुकरचं गणित समजून घ्या, सगळं त्यावर आहे. गार कुकर गॅसवर चढवल्यापासून वाफ जिरून झाकण उघडेपर्यंत पंचवीस मिनिटं धरा. यातली तुमची मेहनत पाच मिनिटांची, बाकी तो त्याचं काम करतो. म्हणून दारातून आत आलं की पहिलं काम कुकर, मग कपडे बदलणं, हातपाय धुणं, मुलाची वही बघणं. लोक उलटं करतात, आधी टेकतात, चहा घेतात, मग नऊला कुकर चढतो आणि मग स्वयंपाकाला वेळ लागतो असं म्हणतात. डाळ-तांदूळ सकाळीच मोजून डब्यात काढून ठेवलेत तर आणखी सोपं. तूरडाळ आधी अर्धा तास भिजली तर लवकर आणि छान शिजते, तेवढा वेळ नसेल त्या दिवशी मूगडाळ किंवा मसूर घ्या, ती न भिजवता दोन-तीन शिट्ट्यांत होते.

डाळ नुसती हळद-हिंग घालून दोन रात्रींची एकदम शिजवा. फोडणी घालू नका. निम्मी आजची, निम्मी गार करून फ्रिजमध्ये. फोडणी न घातलेली डाळ दोन दिवस चांगली राहते आणि दुसऱ्या रात्री तिचं वेगळं काहीतरी करता येतं. आज साधं वरण, उद्या गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी, किंवा पालक घालून लसणीची फोडणी. घरातले लोक कंटाळतात ते त्याच त्या चवीला, डाळ तीच आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

भाताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत रात्रीचा भात ओट्यावर सकाळपर्यंत ठेवायचा नाही. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही. उरलेला भात परातीत पसरून गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी खरपूस फोडणी देऊन एकदाच गरम करून संपवा. धंद्यात हा नियम मोडला तर गिऱ्हाईक आजारी पडतं, घरात मोडला तर पोरं, म्हणून एवढं लिहिलं.

भाजीची तयारी रविवारी करतात पण बहुतेक लोक चुकीच्या गोष्टी चिरून ठेवतात. कांदा चिरून ठेवू नका, पाणी सुटतं आणि अख्ख्या फ्रिजला वास. बटाटा काळा पडतो, भेंडी चिकट होते. करायचं ते हे : लसूण सोलून डब्यात, शेंगदाण्याचं कूट, खोबरं खवून फ्रीझरमध्ये, मिरची-लसूण-मीठ कुटून वर थोडं तेल घालून छोट्या बरणीत फ्रिजमध्ये आणि ते आठवड्याच्या आत संपवायचं, गवार मोडून, मटार सोलून, पालेभाजी निवडून पण न धुता कागदात किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून. धुतलेली पालेभाजी दोन दिवसांत सडते, करायच्या वेळी धुवा. आणि खायचा क्रम ठेवा, पालेभाजी सोमवार-मंगळवारी संपवायची, मधल्या दिवसांना भेंडी, गवार, दोडका, शेवटाला कोबी, दुधी, लाल भोपळा, हे आठवडाभर टिकतात. या एका क्रमाने फेकाफेकी जवळजवळ थांबते.

हे सगळं रविवारी पण जमत नसेल तर डोंबिवलीत स्टेशनबाहेर निवडलेली-चिरलेली भाजी मिळतेच, आणि लेडीज डब्यात मेथी निवडत, मटार सोलत येणाऱ्या बायका तुमच्या मिसेसनी रोज बघितल्या असतील. चिरलेल्या भाजीचं पाकीट घेताना खाली पाणी साठलंय का बघा, साठलं असेल तर ते सकाळचं किंवा कालचं आहे, सोडून द्या. घरी आणून परत धुवायची.

कडधान्याचं सांगायचं राहिलं. शनिवारी सकाळी मूग किंवा मटकी भिजवायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, रविवारी मोड येतात, थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतात. मोडाच्या मटकीला कुकर लागत नाही, कढईत झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत होते. वाल मात्र सुट्टीच्या दिवशीच, डाळिंब्या सोलायला निवांतपणा आणि दोन माणसं लागतात.

हे सगळं असूनही एखाद्या रात्री काहीच तयार नसणार. त्या रात्रीसाठी घरात बेसन, थालीपिठाची भाजणी, मूगडाळ, मेतकूट आणि अंडी (चालत असतील तर) एवढं संपू द्यायचं नाही. पिठल्याचं माप सांगून ठेवतो, एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, बेसन गार पाण्यातच कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मोहरी, जिरं, हिंग, हळद, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा, फोडणी चांगली परतली की कालवलेलं बेसन ओतून सतत ढवळायचं, घट्ट व्हायला लागलं की मंद गॅसवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटं, कच्चा वास गेला आणि वर चकाकी आली की झालं. कुकरमध्ये भात होतो त्याच वेळात पिठलं होतं. मुलासाठी मिरची न घालता करायचं आणि आपल्या ताटात वरून ठेचा घ्यायचा, म्हणजे दोन वेगळी पिठली करावी लागत नाहीत. खिचडी करायची तर एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मऊ हवी तर पाच वाट्या पाणी, त्यात गाजर, मटार, दुधी जे असेल ते.

तुम्ही लिहिलंय "आई रोज चारीठाव करायची आणि आम्हाला एक आमटी होत नाही". हे वाचून मला वाईट वाटलं. तुमच्या आईंनाच विचारून बघा की रोज रात्री पानात नेमकं काय असायचं. बहुतेक घरांत सकाळची उरलेली पोळी, आमटी-भात, लोणचं, कधी पिठलं, कधी मऊ भात. चारीठाव सणाला, पाहुण्यांना. आणि त्यासाठी घरात दुपारी चारपासून कोणीतरी राबत असायचं, ती व्यक्ती आता विक्रोळीच्या ऑफिसमध्ये आहे. जेवणाचा आकार बदलायलाच हवा. आणि हे काम एकट्या मिसेसच्या अंगावर असेल तर वरचं काहीच टिकणार नाही, हे मी काउंटरवर रोज बघतो. एकाने गॅस सांभाळायचा, दुसऱ्याने कोशिंबीर, ताक, पानं घेणं आणि नंतरची भांडी. भांडी हा रात्रीच्या जेवणाचा अर्धा भाग आहे, तो हिशोबात कोणी धरत नाही. सात वर्षांचा मुलगा ताटं-वाट्या मांडू शकतो, पापड भाजताना बाजूला उभा राहून बघू शकतो. त्याला आवडतं ते.

आता बाहेरचं. मी बाहेर खाण्याच्या विरुद्ध अजिबात नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण दमून नाइलाजाने मागवणं आणि ठरवून खायला जाणं यात फार फरक आहे, आणि तुमचे तीन-चार वेळा हे सगळे पहिल्या प्रकारातले आहेत.

नाइलाजाने मागवलेलं जेवण बेचव का लागायला लागतं त्याचं कारण सांगतो. बऱ्याच हॉटेलांच्या किचनमध्ये दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच तयार असतात, एक कांदा-टोमॅटोची लाल, एक काजू-मगजबीची पांढरी, कुठे एक पिवळी. पनीर अमुक, व्हेज तमुक, कोल्हापुरी, हंडी, हे सगळं त्याच ग्रेव्ह्या कमीजास्त करून, वर क्रीम-बटर घालून होतं. यात फसवणूक नाही, दहा मिनिटांत वीस टेबलांना जेवण द्यायचं तर दुसरा मार्गच नाही. पण तुम्ही आठवड्यातनं तीनदा मागवता तेव्हा नाव बदलून एकच जेवण खाता, तेल-मीठ जास्त, भाजी नावाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. पनीर बटर मसाला आणि नानमध्ये यातलं किती येतं ते तुम्हीच बघा. पैशाचा वेगळा हिशोब मांडत नाही, अॅपवर बऱ्याच ठिकाणी दर हॉटेलपेक्षा जास्त असतो, वर पॅकिंग आणि डिलिव्हरी, ते तुम्ही बिलात बघताच.

मागवायचंच असेल तर प्रवासात टिकणारं मागवा. दालखिचडी, पुलाव, बिर्याणी, इडली, दहीभात हे डब्यात चांगलं राहतं. डोसा, पुरी, भजी, वडे वाफेने मऊ पडतात आणि तंदूरी रोटी फॉइलमध्ये चामड्यासारखी होते. आणि त्या दिवशीचा निर्णयही सकाळी करा, "आज गुरुवार, आज मागवायचं" असं ठरलेलं असलं की मन खात नाही. ऑर्डर घाटकोपर आलं की ट्रेनमधूनच टाका, तुम्ही आणि डबा साधारण एका वेळी पोचाल, पोरगं बिस्किटांवर जाणार नाही. आठवड्यात असा एकच दिवस ठेवा. माझ्या मते तुमच्या घराला तेवढा पुरेल.

आणि शनिवार-रविवारी एक जेवण बाहेर, चौघांनी जाऊन. तिथे घरी न होणारं खा. मोठ्या तव्यावरचा कुरकुरीत डोसा घरच्या शेगडीवर तसा होत नाही, तंदूर घरी नाही, गाड्यावरच्या पावभाजीचा तवाच वेगळा असतो. मालवणी खानावळीत सुरमईची तळलेली तुकडी आणि ताजी सोलकढी खायला मी स्वतः आनंदाने जातो. सेंट्रल लाइनवर राहतो आपण, माटुंग्याला उतरलं की रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर जेवण, मुलाला एकदा तरी दाखवाच. दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष. आईंना एवढ्या लांब जमणार नसेल तर आपल्या फडके रोडच्या आसपास कुठेही साधी इडली-डोशाची जागा, फक्त साडेसातला जा, गर्दीही नसते आणि त्यांची जेवणाची वेळही सांभाळली जाते.

जागा कशी निवडायची याबद्दल धंद्यातला माणूस म्हणून थोडं. जिथे गिऱ्हाईक सतत हलतं तिथे माल ताजा असतो, हे पहिलं. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर काउंटरजवळ दिसायला हवा. तळणीच्या तेलाकडे लक्ष द्या, काळपट रंग, वर फेस, लवकर धूर येतो असं असेल तर तिथे तळलेलं खाऊ नका. तेल परत परत वापरल्याने त्यात जे खराब घटक वाढतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही असा १ जुलै २०१८ पासून नियम आहे, आपल्याला ते मोजता येत नाही पण रंग आणि वास कळतो. बिल बघून घ्या, साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज वेगळा लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. वेटरला काही द्यायचं तर हातात द्या.

थोडक्यात आठवडा असा दिसेल : सोम-मंगळ आणलेल्या पोळ्या आणि घरची पालेभाजी, बुधवारी उसळ आणि भात, गुरुवारी ठरवून मागवलेलं, शुक्रवारी खिचडी नाहीतर पिठलं, शनिवारी बाहेर, रविवारी तुमचं ते छान जेवण आणि पुढच्या आठवड्याची तासाभराची तयारी, बुधवारच्या उसळीचे मोडपण तेव्हाच आलेले असतील. मंगळवारची मेथी बुधवारवर गेली तरी काही बिघडत नाही. सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी, सकाळी निघताना रात्रीचं ठरवणं आणि आल्या आल्या कुकर.

आई किती वाजता जेवतात, त्यांना भाकरी चालते का, आणि अंडी-मासे घरात होतात का, एवढं लिहा. आणि मिसेस कुठल्या गाडीने येतात तेही, त्या तुमच्या आधी पोचत असतील तर कुकर त्यांच्याकडे आणि पोळ्या आणायचं तुमच्याकडे अशी वाटणी करून देतो.